प्रमाणपत्र मिळाले, हात तयार झाले का?

परिचारिकांच्या संगणकीय प्रशिक्षणाचे मूल्यमापन : केनिया, इथिओपिया, टांझानिया आणि नागपूर-बेळगावचे धडे

सोलापूर : परिचारिकेने मोबाइलवर चित्रफीत पाहिली, खालच्या दहा प्रश्नांची उत्तरे दिली, पडद्यावर प्रमाणपत्र उमटले. अहवालात एक आकडा वाढला. मात्र त्याच परिचारिकेच्या रात्रपाळीत एखादे बाळ जन्मल्यावर रडले नाही, तर पहिल्या मिनिटात तिचे हात योग्य रीतीने चालतील का, या प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यात नसते. परिचारिकांना संगणक व मोबाइलद्वारे शिकवण्याचे उपक्रम गेल्या दोन दशकांत आफ्रिकेत मोठ्या प्रमाणावर राबवले गेले. भारतातही एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या साथीत, केंद्र सरकारने ‘दीक्षा’ या व्यासपीठावर आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केले आणि ही पद्धत गावोगावी पोहोचली. या उपक्रमांचा उपयोग किती झाला, हे कसे ठरवावे, याबाबत आफ्रिकेतील आणि महाराष्ट्र व सीमाभागातील अभ्यासांनी बरेच काही शिकवले आहे.

या पद्धतीकडे सारे जग का वळले, याचे कारण मनुष्यबळाच्या टंचाईत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात २०२३ मध्ये सुमारे २ कोटी ९८ लाख परिचारिका व परिचारक होते आणि तरीही ५८ लाखांची कमतरता होती. कमतरतेचा मोठा भार आफ्रिका आणि दक्षिण आशियावर आहे. नवी परिचर्या महाविद्यालये उभारण्यास वर्षे लागतात. सेवेतील परिचारिकांना प्रशिक्षणासाठी शहरात बोलावले, तर त्यांची रुग्णालये ओस पडतात. परिचारिका जागेवरून न हलता शिकली पाहिजे, ही गरज त्यातून निर्माण झाली.

केनियाचा प्रयोग

या क्षेत्रातील सर्वांत गाजलेला उपक्रम केनियातील. तेथील बहुसंख्य परिचारिका प्रमाणपत्र स्तरावरील होत्या. आपल्याकडील एएनएम आणि जीएनएम यांच्यात जे अंतर आहे, तसेच अंतर त्यांच्यात आणि पदविकाधारक नोंदणीकृत परिचारिकांत होते. एड्स, क्षय, हिवताप यांच्या वाढत्या भारामुळे वीस हजारांहून अधिक परिचारिकांना पदविका स्तरावर आणण्याचे केनियाने ठरवले. मात्र निवासी अभ्यासक्रमांची क्षमता इतकी तुटपुंजी होती, की त्या गतीने हे काम पूर्ण होण्यास शंभर वर्षे लागली असती.

तेव्हा ‘आम्रेफ’ ही आफ्रिकी आरोग्य संस्था, केनियाची परिचर्या परिषद, तेथील आरोग्य मंत्रालय आणि ‘ॲक्सेंचर’ ही सल्लागार कंपनी यांनी २००५ मध्ये संगणकाधारित अभ्यासक्रम सुरू केला. परिचारिकांनी नोकरी सांभाळून जवळच्या संगणक केंद्रावर धडे घ्यायचे आणि प्रात्यक्षिके रुग्णालयात मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली करायची, अशी त्याची रचना होती. अंतिम परीक्षा मात्र निवासी विद्यार्थिनींना जी, तीच. पुढील काही वर्षांत हजारो परिचारिकांनी यात प्रवेश घेतला.

मूल्यमापनाच्या दृष्टीने या रचनेतील सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे ही सामाईक परीक्षा. शिकवणारी संस्था आणि तपासणारी संस्था वेगळी होती. उपक्रम राबवणाऱ्यानेच प्रश्नपत्रिका काढायची, त्यानेच गुण द्यायचे आणि त्यानेच यश जाहीर करायचे, असे झाले नाही. तथापि परीक्षेतील यश हे कार्यकुशलतेचे एक अंगच दाखवते. त्यापुढील प्रश्न उरतोच.

चार पायऱ्या

प्रशिक्षणाचे यश मोजण्यासाठी अमेरिकन प्राध्यापक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेली चार पायऱ्यांची चौकट आजही वापरली जाते. पहिली पायरी प्रतिक्रियेची : प्रशिक्षणार्थींना कार्यक्रम आवडला का? दुसरी शिक्षणाची : त्यांच्या ज्ञानात व कौशल्यात भर पडली का? तिसरी वर्तनाची : प्रत्यक्ष कामात काही बदलले का? आणि चौथी परिणामाची : ज्यांच्यासाठी हे सारे केले, त्या रुग्णांचे भले झाले का?

पहिल्या दोन पायऱ्या मोजणे सोपे आणि स्वस्त असते. शेवटच्या दिवशी अभिप्रायाचा कागद भरून घेतला, आधी व नंतर चाचणी घेतली, की काम भागते. तिसऱ्या पायरीसाठी कोणीतरी प्रसूती कक्षात उभे राहून निरीक्षण करावे लागते. चौथीसाठी महिनोन् महिने नोंदी ठेवाव्या लागतात. म्हणूनच बहुतेक उपक्रमांचे अहवाल दुसऱ्या पायरीवर थांबतात. पुढच्या दोन पायऱ्या चढण्याचे कष्ट ज्यांनी घेतले, त्यांच्या हाती आलेली उत्तरे मात्र विचार करायला लावणारी आहेत.

इथिओपियातील मोबाइल

डेन्मार्कमधील एका मातृत्वविषयक संस्थेने तेथील विद्यापीठांच्या सहकार्याने ‘सेफ डिलिव्हरी ॲप’ तयार केले. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, बाळाला श्वास देणे अशा तातडीच्या प्रसंगी काय करावे, हे छोट्या सचेत चित्रफितींतून दाखवणारे हे साधन आहे. इथिओपियाच्या ग्रामीण भागातील पाच जिल्ह्यांत ७३ आरोग्य संस्थांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटातील कर्मचाऱ्यांना हे ॲप असलेले मोबाइल मिळाले, दुसऱ्याला नाहीत. सप्टेंबर २०१३ ते फेब्रुवारी २०१५ या काळात चाललेल्या या अभ्यासात ३ हजार ६०१ महिलांचा समावेश होता. निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले.

ज्ञान आणि कौशल्य या दोन्ही बाबतींत ॲप मिळालेल्या गटाने दुसऱ्या गटाला मागे टाकले. कौशल्यातील हा फरक सहा महिन्यांनी दिसला आणि बारा महिन्यांनी अधिकच वाढला. दुसरी पायरी निर्विवादपणे सर झाली. चौथ्या पायरीचे काय? मृतजन्म आणि पहिल्या आठवड्यातील बालमृत्यू मिळून दर हजार प्रसूतींमागे ॲप असलेल्या गटात १४, तर नसलेल्या गटात २३ मृत्यू झाले. वरवर पाहता हे घवघवीत यश वाटते. परंतु संशोधकांनी तसा दावा केला नाही. सांख्यिकीय हिशेबाअंती दोन गटांतील मृत्यूच्या शक्यतेचे गुणोत्तर ०.७६ आले आणि त्याची विश्वासमर्यादा ०.३२ ते १.८१ इतकी रुंद होती. सोप्या शब्दांत, मृत्यूची शक्यता एक तृतीयांशापर्यंत खाली आली असेल, तशीच ती पावणेदोन पटींच्या वरही गेलेली असू शकेल, इतकी अनिश्चितता या आकड्यांत होती. फरक केवळ योगायोगाचा नाही, असे ठामपणे म्हणता येत नव्हते.

हे असे का होते, हे एका साध्या उदाहरणाने समजते. महिन्याला २० प्रसूती होणारे एखादे ग्रामीण केंद्र घेतले, तर वर्षाला २४० प्रसूती होतात. हजारी २३ या दराने तेथे वर्षाला पाच-सहा मृत्यू होतील, हजारी १४ या दराने तीन-चार. दोन मृत्यूंचा हा फरक एखाद्या वाईट महिन्यामुळे किंवा एका जुळ्या प्रसूतीमुळेही पडू शकतो. महाराष्ट्रात हा प्रश्न आणखी बिकट होतो. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०२० मध्ये राज्यातील नवजात मृत्युदर हजारी ११ होता. मृत्यू कमी असणे ही समाधानाची बाब खरीच. पण त्यामुळे एखाद्या प्रशिक्षणाने मृत्यू घटले की नाही, हे एका तालुक्याच्या किंवा एका वर्षाच्या आकड्यांवरून सांगता येत नाही. ‘आमच्या प्रशिक्षणानंतर मृत्यू निम्म्यावर आले’ असा दावा कोणी केला, तर प्रसूती किती होत्या आणि तुलनेसाठी दुसरा गट होता का, हे दोन प्रश्न आधी विचारले पाहिजेत.

नागपूर, बेळगाव आणि एल्डोरेट

आफ्रिका आणि मराठी मुलूख एकाच अभ्यासात एकत्र आल्याचे उदाहरणही आहे. नवजात बाळाला श्वास देण्याचे ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ हे प्रशिक्षण अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१० मध्ये जगासमोर आणले. ते संगणकीय नाही. बाळाच्या आकाराची बाहुली, अँबू बॅग आणि चित्रांची पुस्तिका ही त्याची साधने. जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटात बाळ कोरडे करणे, पाठ चोळून चेतवणे आणि तरीही श्वास सुरू न झाल्यास बॅगेने हवा देणे, हे त्यात हाताने करवून घेतले जाते. आपल्याकडील ‘नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रम’ २००९ पासून याच विषयाचे प्रशिक्षण देत आला आहे.

बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी या प्रशिक्षणाचे परिणाम २०१३ मध्ये मांडले. ताज्या मृतजन्मांचे, म्हणजे प्रसूतीच्या सुमारास दगावलेल्या बाळांचे प्रमाण १.७ टक्क्यांवरून ०.९ टक्क्यांवर आले. नवजात मृत्युदरात मात्र बदल झाला नाही. या दोन आकड्यांना एकत्र वाचावे लागते. श्वास न घेणारे पण हृदय चालू असलेले बाळ पूर्वी ‘मृत जन्मले’ म्हणून नोंदले जाण्याची शक्यता असते. प्रशिक्षित परिचारिका त्याला हवा देते आणि ते ‘जिवंत जन्मले’ या रकान्यात जाते. त्यातील काही नाजूक बाळे पुढे दगावतात. म्हणजे केवळ नवजात मृत्यू मोजले, तर उत्तम कामगिरीही निष्फळ दिसू शकते. कोणता रकाना मोजायचा, हे आधी नीट ठरवले नाही, तर मूल्यमापन अन्याय करू शकते.

त्यानंतर बेळगाव, नागपूर आणि केनियातील एल्डोरेट या तीन ठिकाणी हे प्रशिक्षण मोठ्या प्रमाणावर राबवून त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध करण्यात आले. तिन्ही ठिकाणांचा एकत्रित विचार करता मृत्युदरात लक्षणीय घट आढळली नाही. याच उपक्रमातील परिचारिकांच्या कौशल्याचा स्वतंत्र पाठपुरावाही झाला. त्यातील निष्कर्ष संगणकीय प्रशिक्षण आखणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे : काही महिन्यांनंतर ज्ञान बऱ्यापैकी टिकून राहिले, हाताचे कौशल्य मात्र त्यापेक्षा अधिक ओसरले. उजळणीनंतर ते पुन्हा सावरले.

हायडमची बाहुली

कौशल्य का ओसरते? वरचेच केंद्र पुन्हा घेऊ. साधारणपणे शंभरातील तीन ते सहा बाळांना बॅगेने हवा द्यावी लागते. २४० प्रसूतींत असे प्रसंग दहाच्या आसपास. चार परिचारिका पाळीने काम करत असतील, तर प्रत्येकीच्या वाट्याला वर्षातून दोन-तीन. पोहणे वर्षातून दोनदा करणाऱ्याकडून पुरात उडी मारण्याची अपेक्षा करावी, तसा हा प्रकार आहे.

उत्तर टांझानियातील हायडम येथील रुग्णालयाने यावर उपाय शोधला. तेथे २०१० मध्ये एक दिवसाचे प्रशिक्षण झाले. सात महिन्यांनी बाहुलीवर चाचणी घेतली, तेव्हा बाळाला श्वास देण्याच्या परीक्षेत उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ७४ टक्क्यांवर गेलेले दिसले. पण प्रसूती कक्षातील निरीक्षकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा प्रत्यक्ष बाळांवरील उपचारांत सुधारणा आढळली नाही. तिसरी पायरी कोरडीच राहिली.

रुग्णालयाने मग बाहुली प्रसूती कक्षाजवळ ठेवली आणि दर आठवड्याला तीन ते पाच मिनिटांचा सराव सुरू केला. एवढ्या छोट्या बदलानंतर जन्मापासून २४ तासांतील मृत्यूंचे प्रमाण हजारी ११.१ वरून ७.२ वर आले. हा अभ्यास ‘आधी आणि नंतर’ या स्वरूपाचा होता, त्यामुळे त्या काळात झालेल्या अन्य सुधारणांचा वाटा त्यातून पूर्णपणे वेगळा काढता येत नाही. तरीही प्रशिक्षण तेच, संस्था तीच आणि सरावाची पद्धत बदलताच निकाल वेगळा, हे दुर्लक्षिण्यासारखे नाही.

तुलना कोणाशी?

संगणकीय शिक्षण चांगले की वर्गातील, हा वादही पुराव्याच्या आधारे तपासला गेला आहे. वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या ‘कॉक्रेन’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१८ मध्ये १६ चाचण्यांतील ५ हजार ६७९ आरोग्य कर्मचाऱ्यांची माहिती एकत्र केली. पारंपरिक शिक्षणाच्या तुलनेत संगणकीय शिक्षणाने रुग्णांच्या प्रकृतीत किंवा कर्मचाऱ्यांच्या ज्ञान, कौशल्य व वर्तनात फारसा फरक पडत नसावा, असा त्यांचा निष्कर्ष होता.

हा निष्कर्ष दोन्ही बाजूंनी वाचता येतो. संगणक जादू करत नाही, हे खरे. पण जेथे वर्गच उपलब्ध नाही, तेथे वर्गाइतकेच चांगले शिक्षण दारात पोहोचणे हा मोठाच लाभ आहे. म्हणून मूल्यमापनात तुलना कोणाशी केली, हे स्पष्ट असावे लागते. ‘काहीच नाही’ याच्याशी तुलना केली, तर जवळजवळ प्रत्येक प्रशिक्षण यशस्वी ठरते. चांगल्या वर्गाशी तुलना केली, तर चित्र बदलते.

प्रशिक्षणाच्या मर्यादेचा सर्वांत कठोर धडा उत्तर प्रदेशातून आला. तेथील १२० आरोग्य संस्थांत प्रसूतीच्या वेळी पाळायच्या बाबींची यादी देऊन परिचारिकांना प्रत्यक्ष मार्गदर्शन करण्यात आले. दीड लाखाहून अधिक मातांची माहिती गोळा झाली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दोन महिन्यांनी मार्गदर्शन मिळालेल्या संस्थांत आवश्यक बाबी पाळण्याचे प्रमाण ७२.८ टक्के होते, तर इतरत्र ४१.७ टक्के. वर्तन बदलले, मृत्यू आणि गंभीर गुंतागुंती मात्र घटल्या नाहीत. परिचारिकेला रक्तस्राव थांबवण्याचे इंजेक्शन माहीत असून चालत नाही. ते शीतपेटीत नीट ठेवलेले असावे लागते, रक्त मिळावे लागते, रुग्णवाहिका वेळेवर यावी लागते आणि पुढच्या रुग्णालयात शस्त्रक्रियेची सोय असावी लागते. व्यवस्थेतील उणिवांचे खापर प्रशिक्षणावर, आणि अंतिमतः परिचारिकेवर, फोडणे चूक ठरेल.

सोलापूरसाठी अर्थ

भारत या क्षेत्रात केवळ घेणारा देश नाही. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी २००४ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून २००९ मध्ये अखिल आफ्रिकी ई-नेटवर्कचे उद्घाटन झाले आणि भारतीय रुग्णालयांतील तज्ज्ञांची व्याख्याने उपग्रहाद्वारे आफ्रिकी रुग्णालयांत पोहोचू लागली. २०१९ मध्ये ‘ई-विद्याभारती, ई-आरोग्यभारती’ या नावाने त्याचा पुढचा टप्पा सुरू झाला. सेवेतील परिचारिकांना दूरशिक्षणाने पदवी देण्याचा अनुभव इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाकडेही आहे.

सोलापूर जिल्ह्यापुरता विचार केला, तर काही बाबी आफ्रिकेतील अनुभवांशी थेट जुळतात. पहिली भाषेची. जिल्ह्यात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलल्या जातात. शहरातील शासकीय रुग्णालयात, म्हणजे सर्वांच्या परिचयाच्या ‘सिव्हिल’मध्ये, शेजारच्या धाराशिव, कलबुर्गी, विजयपूर या जिल्ह्यांतूनही रुग्ण येतात. अभ्यासक्रम इंग्रजीत आणि काम चार भाषांत असेल, तर चाचणीतील कमी गुण विषय न समजल्यामुळे आहेत की भाषा न समजल्यामुळे, हे वेगळे करावे लागेल. याच सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, तेव्हा त्यांनी आधी चिनी भाषा आत्मसात केली आणि मग तेथील विद्यार्थ्यांना शिकवले. शिकणाऱ्याच्या भाषेपर्यंत शिकवणाऱ्याने जायचे, हा क्रम संगणकाच्या युगातही बदललेला नाही.

दुसरी बाब वेळेची. धडे ड्युटीच्या तासांत पूर्ण करायचे, की घरी स्वयंपाक आवरल्यावर स्वतःच्या मोबाइलवर आणि स्वतःच्या खर्चाने? किती जणींनी अभ्यासक्रम पूर्ण केला, यापेक्षा किती जणींनी तो अर्ध्यावर सोडला आणि कोणत्या धड्यावर सोडला, ही माहिती सुधारणेसाठी अधिक उपयोगी असते. संगणकीय पद्धतीत ती आपोआप साठते. ती पाहण्याची तसदी मात्र घ्यावी लागते.

तिसरी बाब मोजमापाची. प्रत्येक तालुक्यात मोठा शास्त्रीय प्रयोग करणे शक्य नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी आणि सहा महिन्यांनी बाहुलीवर परीक्षा घेता येते. परीक्षक बाहेरचा असावा, एवढेच पथ्य. सर्व केंद्रांत एकाच दिवशी अभ्यासक्रम सुरू करण्याऐवजी निम्म्या केंद्रांत आधी आणि उरलेल्यांत सहा महिन्यांनी सुरू केला, तर तुलनेसाठी गट आपोआप मिळतो आणि कोणी वंचितही राहत नाही. कोणती केंद्रे आधी, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. प्रसूती कक्षाच्या नोंदवहीत बाळाने श्वास कधी घेतला, अँबू बॅग वापरली का आणि मृतजन्म ताजा होता का, हे तीन रकाने काटेकोर भरले गेले, तर जिल्हाभरातील दोन-तीन वर्षांच्या नोंदींतून चौथ्या पायरीबाबत काही सांगता येईल.

या साऱ्यासाठी लागणारा खर्च अभ्यासक्रम तयार करण्याच्या खर्चापुढे अल्प आहे. प्रत्येक प्रसूती कक्षाजवळ एक बाहुली, चालू स्थितीतील एक अँबू बॅग, आठवड्यातून पाच मिनिटे आणि प्रामाणिकपणे भरलेली एक नोंदवही, एवढी तयारी असेल, तर पडद्यावरील धडा परिचारिकेच्या हातात उतरला की नाही, हे पुढील वर्षी याच सुमारास पडताळून पाहता येईल.